‘सोड’ म्हणजे चालू की बंद?

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात नवीन ओळख झाली की थोड्याच वेळात तो प्रश्न येतो. "तुम्ही कुठं असता कामाला?" विचारणाऱ्यानं मनात बँक, हॉस्पिटल नाहीतर कॉम्प्युटर असं काहीतरी धरलेलं असतं. मी सांगते, "ट्रॅक्टरच्या दुकानात. सर्व्हिसला."

"म्हणजे कस्टमर सर्व्हिस?"

"नाही. ट्रॅक्टर सर्व्हिस. ट्रॅक्टरखाली झोपून."

मग समोरच्याला कोणीतरी ओळखीचं दिसतं आणि तो तिकडं जातो.

मला त्याचं वाईट वाटत नाही. कृष्णाकाठच्या आमच्या गावात वडील पिठाची गिरणी चालवायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि मेकॅनिकलची पदवी घेऊन बाहेर पडलेलीही पहिलीच. पदवीदानाचा फोटो वडलांनी गिरणीत लावला, पिठाच्या धुरळ्यात, म्हणून त्यात मी आहे त्यापेक्षा बरीच गोरी दिसते. विनिपेगला आल्यावर कळलं की इथं लायसन्स काढल्याशिवाय स्वतःला इंजिनिअर म्हणवून घ्यायचं नाही. परीक्षा देईन देईन म्हणत राहिले, आणि तोवर शहराबाहेरच्या एका दुकानात काम मिळालं. ते आवडलं. परीक्षा राहिली ती राहिलीच. त्याची थोडी रुखरुख आहे. पण पट्टा कुठून घसरतोय हे नुसतं आवाजावरून ओळखायला मी गिरणीतच शिकले होते, आणि ते काही वाया गेलं नाही.

आता कामाचं सांगते. बागेतला छोटा ट्रॅक्टर उन्हाळ्यात गवत कापतो. हिवाळ्यात त्याच ट्रॅक्टरच्या तोंडाला बर्फ फेकणारं यंत्र, म्हणजे स्नो थ्रोअर, बसवता येतं. पुढं एक आडवा मोठा स्क्रू असतो, त्याला ऑगर म्हणतात. तो फिरून बर्फ गोळा करतो आणि मधोमध ढकलतो. तिथं मागं एक लोखंडी पंखा असतो, तो त्या बर्फाला लाथ घालतो. आणि वर एक वाकडा चोंगा असतो, त्यातून बर्फ दूर जाऊन पडतो. या सगळ्याला इंजिनाची ताकद मिळते ती पीटीओमधून. गावाकडच्या ट्रॅक्टरवाल्यांना पीटीओ सांगायला लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते, खुर्चीसमोर एक पिवळा खटका असतो. वर ओढला की ऑगर आणि पंखा फिरतात, खाली दाबला की थांबतात.

बसवणं अवघड नाही, पण घाईचं काम नाही. आधी गवत कापायचं डेक काढायचं. मग पुढं चौकट जोडायची, पट्टा पुलीवर चढवायचा, यंत्र वरखाली करायचा दांडा लावायचा. एवढं धूड पुढं लटकवलं की मागची चाकं हलकी होतात आणि बर्फावर नुसती गरगरतात, म्हणून मागं वजन आणि चाकांना साखळ्या. यंत्राला खाली दोन्ही बाजूंना लोखंडी पावलं असतात. घरासमोरची लेन खडीची असेल तर ती खाली करायची, म्हणजे यंत्र जमिनीपासून जरा उंच राहतं आणि खडी उचलत नाही. नाहीतर बर्फाऐवजी दगड उडतात, आणि चोंगा काय, ज्या दिशेला तोंड असेल तिकडं फेकतो. समोर शेजाऱ्याची खिडकी आहे की शेजारी, हे तो बघत नाही.

आणि खुर्चीखाली एक स्विच असतो. पिवळा खटका वर असताना किंवा ब्रेक न लावता माणूस उठला, की इंजिन बंद पडतं. हा स्विच लोकांना नको असतो. "वायर जोडून तो बायपास करून टाका," म्हणतात. मी करत नाही. मी त्यांना खुर्चीवर बसवते, उठायला सांगते आणि इंजिन कसं मरतं ते दाखवते. खुर्चीवरून उठलं की सगळं बंद पडतं, हे आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना तर लगेच पटलं.

आमच्या दुकानात रॉन नावाचा जुना मेकॅनिक आहे. मशीन ताब्यात देताना मी अर्धा तास बोलते. रॉन बोलत नाही. शेवटी येतो आणि गिऱ्हाइकाशी उजवा हात मिळवतो. त्या हाताला दोन बोटं नाहीत. तरुणपणी चोंग्यात अडकलेला बर्फ काढताना गेली. इंजिन बंद होतं. पण पट्ट्यात ताण राहिला होता. बर्फ मोकळा झाला तसा पंखा अर्धा फेरा फिरला. अर्धाच. तेव्हापासून आमच्या दुकानातून एकही मशीन काठीशिवाय बाहेर जात नाही. इंजिन बंद करायचं, किल्ली काढायची, सगळं फिरायचं थांबेपर्यंत वाट बघायची, आणि मगही आत हात नाही, काठीच.

हे सगळं मी प्रशांत आणि माधुरीलाही सांगितलं होतं.

प्रशांत नागपूरचा, सॉफ्टवेअरमध्ये. माधुरी शिरोळकडची, म्हणजे माझ्याच पट्ट्यातली. दोघांची ओळख पुण्यात झाली, लग्न तिथंच, आणि इथं आल्यावर शहरातला कॉन्डो, म्हणजे फ्लॅट, विकून त्यांनी गावाबाहेर एकरभर जागेतलं घर घेतलं. घरापासून रस्त्यापर्यंत लांबलचक खडीची लेन. पहिल्या हिवाळ्यात दोघांनी ती फावड्यानं साफ केली. दुसऱ्या हिवाळ्याआधी ते आमच्याकडं आले.

माधुरीचा हट्ट, मशीन दसऱ्याला घरी पाहिजे. पूजा करायची. तेव्हा इथं अजून गवत हिरवं होतं. मी ट्रक घेऊन गेले तर अंगणात पाट मांडलेला, ताटात हळद-कुंकू, निरांजन, झेंडूची माळ. प्रशांत नारळ घेऊन थेट मशीनच्या पात्यापाशी वाकला.

"अहो, तिथं काय करताय?"

"नारळ फोडून राहिलो ना ताई. मजबूत लोखंड आहे."

"दगडावर फोडा. ते पातं तुमच्या लेनसाठी आहे."

माधुरीनं झेंडूची माळ ऑगरला गुंडाळून छान गाठ मारली होती. ती मी सोडवली आणि बॉनेटवर ठेवली. दोरा आत राहिला तर फिरत्या दांड्याला गुंडाळतो आणि बेअरिंगपर्यंत जातो. हळद-कुंकवाला मात्र माझी काहीच हरकत नव्हती. माझ्या वडलांच्या गिरणीला तर वर्षभर कुंकू असायचं.

मग मी सगळं शिकवलं. प्रशांत खुर्चीवर बसला, एका हातानं फोनवर व्हिडिओही काढत होता. माधुरीला म्हटलं, "तूही बस ये." तिची नऊवारी होती. "नंतर बसते की ताई," म्हणाली.

"तू काहून बसशील?" प्रशांत म्हणाला. "मी आहे ना."

"आणि तू ऑफिसला असशील तेव्हा?"

"बर्फ काय ऑफिसच्या टायमात पडते?"

"बर्फ तुझ्या मॅनेजरला विचारून पडतो काय?"

मी हसले आणि पुढच्या घरी गेले. तिला त्या दिवशी खुर्चीवर बसवलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

दिवाळी झाली आणि पाठोपाठ पहिला बर्फ पडला. दोन दिवसांनी प्रशांत दुकानात हजर. हातात तुटलेली पिन आणि खिशात पणतीचा तुकडा.

झालं होतं असं, की माधुरीनं लेनच्या दोन्ही कडांना पणत्या लावल्या होत्या. वाऱ्यानं विझू नयेत म्हणून प्रत्येक पणतीला विटांचा आडोसा. पणत्या विझल्या, भाऊबीज झाली, विटा तिथंच राहिल्या, आणि त्यावर बर्फ पडून सगळं सपाट पांढरं झालं. प्रशांतनं उत्साहानं यंत्र खाली केलं आणि निघाला. पणत्यांचा चुरा होऊन तो चोंग्यातून शेजाऱ्याच्या कंपाउंडात गेला. शेजारी तुकडा घेऊन आला आणि विचारता झाला, तुमच्याकडं कोणी मातीची भांडी फोडतंय का? पुढं वीट ऑगरमध्ये अडकली आणि फिरत्या दांड्यातली पिन तुटली.

म्हणून बर्फ पडायच्या आधी लेनवरून एकदा चालायचं असतं. पायपुसणं, कुत्र्याची साखळी, मुलांची खेळणी, आकाशकंदिलाची वायर, सगळं उचलायचं, आणि कडांना उंच खुणेच्या काठ्या रोवायच्या. इथल्या लोकांना पायपुसण्याचं सांगावं लागतं. आपल्या लोकांना मी आता पणत्यांचंही सांगते.

"ताई, ही पिन काहून इतकी कच्ची आहे?" प्रशांतनं विचारलं.

"तुटण्यासाठीच केलीय ती."

"असं कोणी करते का? तुटायलाच?"

"वीट अडकली तर काहीतरी तुटणारच. ही तुटली नाही तर आतला गिअरबॉक्स तुटतो. पिन पाच मिनिटांत बदलता येते."

"त्यापेक्षा मस्त स्टीलचा बोल्ट टाकून द्या ना. झंझट खतम."

"नाही टाकणार."

"मी घरी टाकतो मग."

"टाका. पण मग गिअरबॉक्स बदलायला आलात तर मी हसणार."

तो जरा चिडला. मग स्वतःच हसला. "आमच्या टीममध्ये तर सगळे तुटूनच राहिले ताई. पण त्यांना कोणी पिन म्हणत नाही." त्यानं आमच्याच पिना घेतल्या, जास्तीच्याही घेतल्या. जाताना मी त्याला म्हटलं, "एक लक्षात ठेवा. ही पिन गिअरबॉक्सला वाचवते. हाताला नाही. हात पिनेपेक्षा मऊ असतो."

"हो ताई. काठी आहे ना."

सगळा हिवाळा त्याचा एकही फोन आला नाही. आमच्या धंद्यात फोन न येणं म्हणजे कौतुक.

मार्च संपत आला की इथला बर्फ बदलतो. जानेवारीचा बर्फ पिठासारखा असतो, फुर्रकन उडतो. मार्चचा बर्फ भिजवलेल्या कणकेसारखा. तो चोंग्यात चिकटतो, बसतो आणि दगड होतो. त्यात रस्ता साफ करणारी मोठी गाडी जाताना प्रत्येक लेनच्या तोंडाशी ओल्या बर्फाचा बांध टाकून जाते. मशीनं तुंबतात ती बहुतेक तिथंच.

शनिवारी सकाळी दुकानात मी आणि रॉन होतो. फोन वाजला.

"ताई..."

"बोल माधुरी."

"ताई, यांचा हात..."

माधुरी नवऱ्याला एरवी प्रशांत म्हणते, अरेतुरे करते. त्या दिवशी तिच्या तोंडून "यांचा" आलं. मागं इंजिनाचा आवाज येत होता.

"मशीन चालू आहे अजून? माधुरी, आधी किल्ली काढ! किल्ली!"

धावल्याचा आवाज आला. इंजिन थांबलं.

"काढली. ताई, नाईन-वन-वनला फोन केलाय. पण ते शहरातून येणार..."

"आम्ही येतो. जवळ आहोत आम्ही. रक्त?"

"दिसत नाही. हातमोजा काढू देत नाहीत ते."

मी रॉनला फक्त एवढंच म्हटलं, "हँड. थ्रोअर." त्यानं हातातला पाना खाली ठेवला नाही, तसाच ट्रकमध्ये घेऊन बसला आणि गाडी काढली. वाटेत मी त्याच्या स्टिअरिंगवरच्या हाताकडं बघायचं टाळत होते, आणि मला सारखा तोच दिसत होता. प्रशांत कीबोर्डवर काम करणारा माणूस. त्या घराचं, त्या लेनचं, सगळं त्या दहा बोटांवर चाललेलं. मी मनात पुन्हा पुन्हा सगळं तपासत होते. खुर्चीचा स्विच नीट होता. मीच बसवला होता. माणूस उठला की इंजिन बंद पडायलाच पाहिजे. मग तो पुढं उभा असताना पंखा फिरला कसा?

लेनच्या तोंडाशी मशीन उभं होतं, अर्धं बर्फाच्या बांधात घुसलेलं. प्रशांत जरा पलीकडं उपड्या बादलीवर बसला होता. डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलेलं. उजव्या हातमोज्याची दोन बोटं टोकाला फाटलेली होती आणि आतला पांढरा कापूस बाहेर लोंबत होता. शेजारी बर्फात लाकडाचा एक गुळगुळीत तुकडा पडला होता. तो काय आहे ते मला लगेच कळलं नाही.

"काढा हातमोजा," मी म्हटलं.

"नाही ताई."

"प्रशांत, बघायला पाहिजे."

"मला काही जाणवूनच नाही राहिलं. काढला की दिसेल ना. मी नाही काढत."

माधुरी त्याच्यामागं उभी होती, तोंडावर हात दाबून. तिच्या जॅकेटच्या बाह्यांना पीठ लागलेलं होतं.

रॉन बर्फात त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला. "माझ्याकडं बघ," त्यानं इंग्रजीत सांगितलं. "हाताकडं नाही. माझ्याकडं." आणि स्वतःच्या त्या हातानं तो हळूहळू हातमोजा ओढायला लागला, एकेक बोट सैल करत, लहान मुलाचा मोजा काढतात तसा. प्रशांतनं डोळे मिटून घेतले. मीही मिटणार होते, पण मिटले नाहीत.

अंगठा आला. सुजायला लागलेला, लालभडक. मग बाकीची आली. होती. सगळी होती. नखांसकट. दोन बोटांची टोकं खरचटली होती, बस.

हातमोजे त्याला मोठे होत होते. सेलमध्ये घेतलेले. पंख्यात गेली ती बोटांपुढची रिकामी टोकं होती. खरं म्हणजे सैल हातमोजा घालून मशीनजवळ जाणं हाच एक धोका आहे, कारण तो अडकतो आणि हातालाही आत ओढतो. त्याचा फाटला आणि हात सुटला. हे नशीब. याला मी दुसरं नाव देणार नाही.

"उघडा डोळे," मी म्हटलं. "बोटं मोजा."

त्यानं बोटं एकेक करून हलवली. मग रॉन मागच्या मागं बर्फात बसला आणि आकाशाकडं बघत मोठ्यानं श्वास सोडला. मला हसू यायला लागलं आणि थांबेना. माधुरी नवऱ्याच्या पाठीत गुद्दे घालत रडत होती.

"मी बोललो ना तुला सोड म्हणून!" प्रशांत एकदम ओरडला.

"म्हणून तर सोडलं!"

"मग फिरलं कसं ते?"

"सोडल्यावर फिरणारच की!"

मी म्हटलं, "थांबा दोघं. काय झालं ते मला पहिल्यापासून सांगा."

चोंगा तुंबला. प्रशांत ब्रेक न लावताच उठला, इंजिन बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा उठला, पुन्हा बंद. त्यानं वैतागून माधुरीला हाक मारली. काठी गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेली होती, ती कोण आणणार? "काहीतरी लाकडाचं घेऊन ये," म्हणाला. माधुरी पोळ्या लाटत होती. जॅकेट चढवलं आणि हातात होतं ते लाटणं घेऊनच धावत आली. त्यानं तिला खुर्चीवर बसवलं. "तू नुसती बस. इंजिन बंद नाही पडलं पाहिजे." आणि लाटणं घेऊन पुढं गेला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खुर्चीच्या स्विचला माणूस ओळखता येत नाही, वजन कळतं. एक माणूस असेल तर तो राखण करतो. दोन माणसं असली, एक खुर्चीवर आणि एक चोंग्यापाशी, की त्याला वाटतं सगळं ठीक चाललंय.

प्रशांतनं लाटणं आत घातलं. खटका खाली आहे ना, याची खात्री करावी म्हणून इंजिनाच्या आवाजात ओरडला, "माधुरी, ते पिवळं सोड!"

नागपूरच्या माणसाच्या तोंडी "सोड ना" म्हणजे जाऊ दे, हात काढ, नाद सोड. शिरोळच्या मुलीला लहानपणापासून रोज ऐकू आलेलं "सोड" वेगळं. पाणी सोड. मोटर सोड. लाईट आली, मोटर सोडून ये. तिनं पिवळा खटका वर ओढला आणि मोटर सोडली.

पंख्यानं लाटणं प्रशांतच्या हातातून हिसकलं, मोडलं, अर्धं बाहेर फेकलं, अर्धं आत चेपलं. पिन तुटली. हात असता तर पिन तुटलीही नसती. माधुरीनं घाबरून खटका खाली दाबला, गाडीसारखा ब्रेक लावला आणि उतरली, म्हणून फोनवर मला इंजिन चालू ऐकू आलं.

"मी सोड म्हटलं म्हणजे सोड!" प्रशांत.

"मग बंद कर म्हणायचं की! बंद कर म्हणायला काय झालं होतं?"

रॉननं मला विचारलं, हा एवढा वेळ काय शब्द चाललाय, सोड?

"त्याचा अर्थ स्टॉप," मी सांगितलं.

"ओके."

"आणि स्टार्ट."

रॉन बर्फातून उठला. मग म्हणाला, "या भाषेचं मॅन्युअल कोण लिहितं?"

अँब्युलन्स आली. लेन अर्धीच साफ होती, म्हणून ती रस्त्यावरच थांबली आणि एक तरुण मुलगी बॅग घेऊन चालत आली. तिनं बोटं वाकवून बघितली, नखं दाबून बघितली. अंगठा मुरगळलाय, सूज वाढली तर एक्स-रे काढा, म्हणाली. आत काय घातलं होतंस, असंही तिनं विचारलं.

"रोलिंग पिन," प्रशांत खाली मान घालून म्हणाला.

"ओह! फॉर रोटीज?"

"पोळी," माधुरी नाक पुसत म्हणाली. "नॉट रोटी. पोळी."

ती मुलगी गेल्यावर मी किल्ली माधुरीकडून घेतली, माझ्या खिशात टाकली आणि चोंगा काठीनं मोकळा केला. आतून लाटण्याचा उरलेला भाग निघाला, दातांनी चावल्यासारखा. नवी पिन घातली. मग माधुरीला बोलावलं. "चल, बस."

"मी? आत्ता?"

"आत्ताच. आज भीती बसली की पुन्हा कधी बसणार नाहीस."

तिला सगळं पहिल्यापासून दाखवलं. ब्रेक लावून उठलं, पिवळा खटका खाली असला, की इंजिन चालूच राहतं, दुसऱ्या माणसाची गरजच पडत नाही. पण चोंग्याकडं जायचं असेल तर चालू इंजिनाचं काही कामच नाही. आणि मशीन तुंबलं की खुर्चीवर कोणी बसायचं नाही. ज्याचा हात पुढं जाणार, किल्ली त्याच्याच खिशात. हे मी तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, जोडप्यांना तर दोनदा. आणि मराठी जोडपं असेल तर आणखी एक गोष्ट सांगते. मशीनजवळ ‘सोड’ हा शब्द काढायचा नाही. चालू आणि बंद, बस. प्रेमात, भांडणात, कुठंही सोडा, मशीनवर नको.

माधुरीनं बांध हळूहळू कापला, मागं घेतलं, पुन्हा कापला. ओला बर्फ असाच थोडाथोडा, अर्ध्या रुंदीनं घ्यायचा आणि इंजिन पूर्ण वेगात ठेवायचं, म्हणजे चोंग्यात तो बसत नाही. प्रशांत खिडकीतून बघत होता. तिनं लेन त्याच्यापेक्षा सरळ काढली. हे मी त्याला सांगितलं नाही, रॉननं सांगितलं.

आम्ही निघालो तर माधुरी सोडेना. जेवूनच जा, म्हणाली. आत ओट्यावर पोळ्यांची कणीक सुकून पडलेली, तवा गार, आणि लाटणं तर बाहेर दोन तुकडे होऊन पडलेलं. म्हणून तिनं कुकर लावला. आम्ही चौघं टेबलाशी बसलो. वरण-भात, वर तूप, लिंबाची फोड. रॉनला तिनं चमचा दिला.

प्रशांतचा अंगठा तोवर चांगलाच टम्म झाला होता. तो ताटाकडं बघत बसला होता. माधुरीनं हळूच विचारलं, "दुखतंय ना? तुला पण चमचा देऊ?"

त्यानं उजवा हात ताटात घातला, लिंबू पिळलं आणि वरण-भात कालवायला लागला. दर घासाला तोंड वाकडं होत होतं, शितं खाली सांडत होती.

"चमचा काहून?" तो म्हणाला. "हात आहे ना."